एक्सल जाड करण्याआधी हौसिंग सरळ करा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. दिवसभर पिना, बुश आणि शाफ्टचं जॉबवर्क चालतं. संध्याकाळी सातनंतर मात्र मधली जागा भाच्याच्या जीपची असते. तो ती ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या अंतराच्या, शर्यतीत पळवतो आणि तिच्या पोटातलं सगळं काम माझ्याकडे असतं.

गाडी कोणत्या कंपनीची ते लिहिणार नाही. कारखान्यानं तिचा मागचा एक्सल शेतरस्त्यावर, घाटात, पाच माणसं आणि दोन पोती घेऊन चालायला बनवला होता. ते काम त्यानं वीस वर्षं बिनतक्रार केलं. मग आम्ही इंजिनाला टर्बो बसवला, मागे रुंद, चिकट रबराचे टायर घातले आणि तिला 402 मीटरच्या शर्यतीला उभी केली. त्यामुळे जे तुटलं त्याचा दोष मी कारखान्याला देणार नाही.

तुटलं ते लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, दिवसाच्या तिसऱ्या धावेला. हिरवा दिवा लागला, भाच्यानं क्लच सोडला, गाडी चार फूट सरकली आणि थांबली. इंजिन ओरडतंय, चाकं जागच्या जागी. आवाज म्हणाल तर सुकी काठी मोडल्यासारखा, एवढाच.

"मामा, एक्सल गेला," तो म्हणाला. आणि ट्रेलरवर गाडी चढवतानाच पुढचं वाक्य: "आता चार मिमी जाड करून टाकू."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. एक्सलमधला, चाक फिरवणारा 26 मिमीचा शाफ्ट 30 मिमीचा केला तर ती दीडपटीच्या थोडी वर जाते. चार मिमीत इतका फायदा क्वचितच कुठे मिळतो. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये डिफ (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरांचा संच) उतरवला, साइड गिअरमध्ये अडकलेला तुकडा चुंबकानं ओढून काढला आणि ट्यूबलाइटखाली धरला, तेव्हा मला वेगळंच दिसलं.

तुटलेलं लोखंड वाचता येतं. नरम, चिवट शाफ्ट नुसत्या पिळानं गेला तर सपाट, काटकोनात कापल्यासारखा तुटतो, आणि स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांच्या, रेघा आधीच दोरखंडासारख्या पिळलेल्या दिसतात. फार कडक, ठिसूळ असेल तर 45 अंशांत, खडू पिळून मोडावा तसा तिरका जातो. आमच्या तुकड्यावर यातलं काहीच नव्हतं. एका कडेला, जवळजवळ एक तृतीयांश भागात, काळपट गुळगुळीत डाग होता आणि त्यात समुद्रकिनाऱ्यावर लाटांच्या रेघा उमटाव्यात तशा बारीक कमानी. उरलेला भाग ताजा, खरखरीत. म्हणजे तडा त्या दिवशी पडलाच नव्हता. तो महिनोन्महिने थोडा थोडा पुढे सरकत होता, आणि त्या धावेला उरलेल्या लोखंडानं हात टेकले.

असा तडा नुसत्या जोरानं पडत नाही. शाफ्ट फिरताना प्रत्येक फेरीला वाकत असेल तर पडतो. आणि शाफ्ट वाकतो, कारण तो ज्याच्यात बसलाय ते हौसिंगच, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, सरळ नसतं.

दोन्ही बेअरिंगच्या बैठकांत अचूक बसतील अशा चकत्या लेथवर केल्या आणि त्यातून 40 मिमीचा ग्राइंड केलेला बार आरपार घातला. घालायचा होता, असं म्हणायला हवं. उजव्या टोकाला तो चकतीच्या भोकापासून 2.4 मिमी बाजूला जात होता. क्राउनचे, म्हणजे डिफ फिरवणाऱ्या मोठ्या गिअरचे, दात पाहिले तर झीज दाताच्या मध्यावर असायची ती बाहेरच्या टोकाला सरकलेली. पुरावा पुरेसा होता. या हौसिंगमध्ये 30 मिमीचा शाफ्ट घातला असता तर शाफ्ट कदाचित वाचला असता, पण पुढच्या खेपेला क्राउनचे दात गेले असते. आणि क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन गिअर या जोडीचा खर्च एक्सलच्या कितीतरी पट.

क्लच सोडल्याच्या क्षणी आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळं काम त्यावर उभं आहे. हिशेबाला सोपे आकडे घेऊ. इंजिन 200 न्यूटन-मीटर देतंय, पहिला गिअर तो साडेतीनपट करतो, क्राउन-पिनियन आणखी चारपट. म्हणजे एक्सलवर 2800, दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी 1400. हा शांत हिशेब झाला. झटक्यानं क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये, इंजिनाच्या त्या जड चाकात, साठलेला जोरही त्यात येऊन पडतो, आणि टायर जितका चिकट तितका तो झटका बाहेर निसटायला वाट कमी. साधा टायर घसरतो आणि एक्सलला वाचवतो. चिकट टायर वाचवत नाही. त्याच वेळी पिनियन क्राउनवर चढायला बघतो, हौसिंगचं नाक वर उचललं जातं, पाटे इंग्रजी एससारखे वळतात आणि सुटले की चाकं उड्या मारायला लागतात. शिवाय क्राउन आणि पिनियन एकमेकांना दूर ढकलत असतात. पत्र्याचं दाबून केलेलं हौसिंग हे सगळं अंगावर घेताना वाकतं, सुटतं, पुन्हा वाकतं. आमचं एक दिवस वाकलेलंच राहिलं.

अमेरिकेत हा खेळ जुना आहे आणि तिथल्या लोकांनी हे सगळं आधीच भोगलंय. जनरल मोटर्सचा साडेसात इंची क्राउनचा, दहा बोल्टांचा एक्सल तिथे कमजोर म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या नळ्या ओतीव मध्यभागात दाबून बसवलेल्या असतात. जोर वाढला की नळीच आत फिरते. म्हणून तिथे नळी ओतीव भागाला निकेलच्या रॉडनं, आधी गरम करून, वेल्ड करतात, आणि मागचं झाकण बदलून असं जाड बसवतात की त्यातले बोल्ट बेअरिंग कॅपना मागून टेका देतात. फोर्डचा नऊ इंची एक्सल, 1957 ते 1986 या काळातला, आजही शर्यतवाल्यांचा लाडका आहे. त्याचं एक कारण मला फार आवडतं: त्यात पिनियनच्या आतल्या टोकालाही एक बेअरिंग असतं, त्यामुळे पिनियन दोन्हीकडून धरलेला राहतो, मागे सरकत नाही. म्हणजे तिथेही मूळ उपाय जाडीचा नाही, जागा न सोडण्याचा आहे.

हौसिंगवर आम्ही तीन आठवडे काम केलं. आधी बेअरिंग, सील, हवा सोडणारा ब्रीदर सगळं बाहेर. 6 मिमीची पट्टी कापून हौसिंगच्या पाठीमागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारखा टेका केला, मध्यभागी गोलाकडे उंच, टोकांकडे निमुळता. माझ्याकडे येणारे वेल्डर काका सत्तरीला आलेत. त्यांनी 7018 जातीचे वेल्डिंग रॉड भट्टीत कोरडे केल्याशिवाय हात लावला नाही. डिसेंबर होता, निफाडकडची थंडी शेडच्या पत्र्यातून आत येत होती. ते म्हणाले, "दादा, गार लोखंडावर टाका मारला तर तो लागलेला दिसतो, पण धरत नाही." म्हणून प्रत्येक वेळी जागा ज्योतीनं आधी गरम केली.

टाके 30 मिमीचे. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली, आणि मध्ये हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत चहा. सलग वेल्ड ओढत नेला असता तर एका संध्याकाळी झालं असतं आणि हौसिंग केळ्यासारखं झालं असतं. एवढी काळजी घेऊनही दोन्ही टोकं टाक्याच्या बाजूला ओढली गेलीच. ती परत आणायची रीत अशी: वेल्डच्या बरोबर विरुद्ध बाजूला नळीवर छोटा पट्टा लाल करायचा आणि गार होऊ द्यायचा. गार होताना तो आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. असं सात वेळा केलं, प्रत्येक वेळी बार घालून पाहिला. आठव्या दिवशी बार दोन्ही चकत्यांतून हातानं ढकलून आरपार गेला. भाच्यानं तो तीनदा काढून पुन्हा घातला.

यानंतर बाकीचं. पिनियनवरचा चेपणारा स्लीव्ह काढून टाकला. झटक्यांनी तो आणखी चेपला जातो आणि बेअरिंगचा ताण जातो. त्याजागी लेथवर भरीव स्पेसर केला आणि शिम (पातळ चकत्या) घालून ताण जमवला. क्राउन आणि पिनियनच्या दातांमधला मोकळेपणा डायलवर 0.18 मिमी ठेवला. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवलं, तेव्हा दात कुठे टेकतात त्याचा ठसा दाताच्या मध्याच्या किंचित आत आला. मुद्दामच तसा ठेवला, कारण जोर आला की ठसा बाहेर सरकतो.

आणि मग, सगळ्यात शेवटी, शाफ्ट. ईएन 24 या मिश्र पोलादाचा बार घेतला, 30 मिमी. साइड गिअरही त्या मापाचे लागले. स्प्लाइन बाहेरून कापून आणल्या, हीट ट्रीटमेंट करून घेतली, चुंबकीय चाचणीत तडे नाहीत याची खात्री केली. एक गोष्ट आवर्जून सांगतो: स्प्लाइन संपतात तिथे शाफ्टला तीक्ष्ण पायरी ठेवू नका. पुढचा भाग स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक आणि मोठ्या त्रिज्येनं उतरता ठेवला, की पीळ एका जागी साचत नाही, पूर्ण लांबीत पसरतो.

डिफ वेल्ड करून दोन्ही चाकं बांधून टाकायचा सल्ला आम्हाला चौघांनी दिला. मी नाही म्हटलं. कडक केलेल्या छोट्या गिअरांवर मारलेला टाका ठिसूळ असतो, आणि सुटलेला तुकडा थेट क्राउन आणि पिनियनच्या मध्ये जातो. शिवाय दोन्ही चाकं बांधली, की ज्या चाकाला क्षणभर जास्त पकड मिळेल त्याच्या शाफ्टवर सगळा जोर येऊ शकतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत 10.99 सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला, आणि डिफ बांधलेल्या कुठल्याही गाडीला, कारखान्याचे शाफ्ट चालत नाहीत आणि चाक बाहेर येऊ नये म्हणून वेगळी पकड लागते. ज्या एक्सलमध्ये शाफ्टला आतून फक्त एक क्लिप धरून असते, तिथे शाफ्ट तुटला की चाक शाफ्टसकट बाहेर निघून जातं. आमच्याकडे पकड बाहेरच्या बेअरिंगपाशी आहे. त्या दिवशी चाक जागेवर राहिलं ते त्यामुळे. तुमच्या गाडीत काय आहे ते पाहिल्याशिवाय जोर वाढवू नका. आणि गंगापूर रोडवर रात्री शर्यती लावणाऱ्या पोरांनी हे वाचून काहीही मजबूत करू नये. ही जीप रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवर जाते.

नाक वर उचलणं थांबवायला हौसिंगपासून चासीपर्यंत दोन टेकू दांडे टाकले. पाटे तेच आहेत. ब्रीदर मोठा करून नळी वर नेली, कारण तो तुंबला की आतली गरम हवा तेल सीलमधून ब्रेकवर ढकलते.

मार्चमध्ये सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुन्हा धावपट्टीवर गेलो. सहा धावा. सुटताना मागचा भाग उड्या मारायचा, तो आता नुसता खाली बसतो आणि गाडी निघते. प्रत्येक धावेनंतर मी खाली झोपून हबला हात लावून पाहिला. एकही गरम नव्हता.

परत आल्यावर डिफ उतरवून पुन्हा शेंदूर लावला. ठसा मध्यावर. बार आरपार. शाफ्ट वर्कशॉपच्या दिव्याखाली फिरवून पाहिले, स्प्लाइन सरळ. मग हौसिंगवर तडे शोधायचा लाल रंग मारला, पुसला, पांढरा फवारा दिला. डाव्या पाट्याच्या बैठकीच्या कोपऱ्यात एक बारीक लाल रेघ उमटली, 18 मिमीची. आमचाच टाका, कोपऱ्यात तीक्ष्ण संपवलेला. वेल्डर काकांना फोन केलाय. ते शुक्रवारी येतील, तोवर भाचा तिथलं लोखंड घासून रेघ पूर्ण जाईपर्यंत खाली उतरतोय.