दोष आढळला नाही: स्टेजसाठी ऑर्गन घेतानाचा माझा अनुभव

४१ दिवसांनी माझा ऑर्गन सर्व्हिस सेंटरमधून परत आला, तेव्हा खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर तीनच शब्द होते: 'दोष आढळला नाही.' त्याला आता वर्ष होऊन गेलं, ऑर्गन उत्तम वाजतोय, तरी ती चिठ्ठी आठवली की माझं डोकं तापतं. कारण दोष होता. तो माझ्या पायाखाली होता आणि तिथे बघायला कोणी तयार नव्हतं. कार्यक्रमांसाठी उचलून नेण्याजोगा ऑर्गन घ्यायचा तुमचा विचार चालू असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

निवड तशी लवकर झाली. मला हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनचाच आवाज हवा होता. १९३५ साली पहिला हॅमंड विकायला आला तेव्हापासून त्या आवाजाचं मूळ एकच आहे: मोटरवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या. हॅमंडच्या बी-३ या मॉडेलमध्ये त्या ९१ असतात. पण खरा बी-३ बाक आणि पायपट्ट्यांसकट दोनशे किलोच्या घरात जातो, आणि लेस्लीचं, म्हणजे आत कर्णा आणि ड्रम फिरत आवाज गरगरवणाऱ्या स्पीकरचं, कपाट त्याशिवाय. आम्ही चौघं एकाच गाडीने जातो, ड्रमही त्याच गाडीत. म्हणजे डिजिटलच घ्यायचा हे ठरलेलं होतं. यामाहाचा वायसी६१ ७.१ किलोचा आहे, नॉर्ड इलेक्ट्रो ६डी ६१ पट्ट्यांचा घेतला तर ८.१ किलोचा. दोन मॅन्युअलांचा, म्हणजे पट्ट्यांच्या एकावर एक दोन रांगांचा, घ्यायची माझी फार इच्छा होती, पण तो एकटीने जिन्यावरून नेणं झेपणार नाही हे लक्षात आलं आणि एकाच मॅन्युअलवर थांबले. मी शेवटी कोणता घेतला ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार वाद्याबद्दल नाहीच.

एका गोष्टीवर मात्र अडून बसले. ड्रॉबार, म्हणजे आवाजातला एकेक थर कमी-जास्त करणाऱ्या दांड्या, खरे, हाताने ओढता येणारे हवेत. नॉर्डच्या सुरुवातीच्या इलेक्ट्रोंवर ड्रॉबारच्या जागी बटणं आणि दिव्यांच्या रांगा होत्या. आवाज सुरेख, पण चालू गाण्यात तळहाताने तीन-चार ड्रॉबार एकदम आत सारायची ज्याला सवय आहे त्याला बटणं दाबत बसणं जमत नाही. ड्रॉबारची नावं फुटांत असतात (ती जुन्या पाइप ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीवरून आली): ८ फुटाचा ड्रॉबार म्हणजे दाबलेला सूर, १६ फुटाचा त्याच्या खालच्या सप्तकातला, ५ १/३ फुटाचा पंचम, १ ३/५ फुटाचा दोन सप्तकं वरचा गंधार. प्रत्येक ० ते ८ पर्यंत ओढायचा. आमची गायिका वरच्या सुरांत गेली की मी शेवटचे चार आत सारते, तिच्या आवाजाला लगेच जागा होते. हे मला न बघता करता यायला हवं.

दुकानात दोन तास वाजवून पाहिलं. पर्कशन (सुराच्या सुरुवातीला येणारा 'टक्') चालू करून एक पट्टी दाबून धरायची आणि दुसरी वाजवायची: दुसऱ्या सुरावर 'टक्' येता कामा नये. खऱ्या हॅमंडवर आधीच्या सगळ्या पट्ट्या सोडल्याशिवाय ते परत येत नाही. मग लेस्लीचा वेग बदलायचा. वरचा कर्णा झटकन वेग घेतो, खालचा खर्जाचा ड्रम मागून रेंगाळत येतो. दोन्ही एकदम पळायला लागले तर ते कानाला खोटं वाटतं. आणि सगळं एकाच स्पीकरमधून ऐकायचं. हेडफोनमध्ये लेस्ली कोणाचीही छान लागते. स्टेजवर बहुतेक वेळा साउंडवाला एकच वायर मागतो, आणि डावं-उजवं एकत्र झालं की काही वाद्यांचा तो गरगरीत फेर पार चपटा होतो. मी घेतलेला या तिन्हींत पास झाला.

पेडल मात्र मी तपासलं नाही.

ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. चढउतार सगळा उजव्या पायात. एक्सप्रेशन पेडल नीट नसेल तर ऑर्गन म्हणजे नुसता एकसुरी भोंगा. त्या ऑर्गनच्या कंपनीचं पेडल तेव्हा दुकानात शिल्लक नव्हतं. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं चांगलं, जड लोखंडी पेडल होतं, तीन वर्षं सिंथवर वापरलेलं. विक्रेता म्हणाला, "एक्सप्रेशन पेडल आहे ना? मग कुठलंही चालतं." मी विश्वास ठेवला.

पहिल्याच तालमीत घोळ झाला. संथ गाणं, सुरुवातीला फक्त ऑर्गन आणि गायिका. टाच खाली ठेवून पाय अगदी बोटभर पुढे दाबला आणि शून्यावर असलेला आवाज एकदम जवळजवळ पूर्ण फुटला. गायिकेने दचकून मागे बघितलं. मी पाय आणखी पुढे नेला, मागे घेतला, काहीच फरक नाही. पहिल्या बोटभर अंतरात सगळा आवाज संपत होता आणि उरलेला सगळा प्रवास वाया जात होता. आणि टाच पूर्ण खाली नेली की आवाज साफ बंद. खऱ्या हॅमंडवर तसं होत नाही, पेडल पूर्ण मागे घेतलं तरी मागे धूसर आवाज राहतोच.

मला वाटलं, ऑर्गनचा सॉकेट बिघडलाय. तक्रार नंबरवर फोन केला. पहिला माणूस म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, तो म्हणाला फॅक्टरी रीसेट करा. तेही केलं, आणि तीन आठवडे बसून जमवलेले माझे २६ आवाज पुसले गेले. रीसेटने ते जाणार हे त्याने सांगितलं नव्हतं. (रीसेट करण्याआधी यूएसबीवर बॅकअप घ्या, कोणी कितीही घाई करू दे.) तिसऱ्याने सांगितलं, पाठवून द्या.

मग तो फॉर्म. दोषाच्या रकान्यात चार पर्याय: पट्ट्या, आवाज, वीज, इतर. 'इतर'पुढे एक ओळ. पेडलच्या प्रवासात कुठे काय होतं हे एका ओळीत कसं लिहायचं? मी बारीक अक्षरात समासापर्यंत लिहिलं. आणि तळाशी सूचना: वायर, पेडल, अडॅप्टर, बॅग सोबत पाठवू नये, गहाळ झाल्यास जबाबदारी आमची नाही. मी मुद्दाम फोन करून विचारलं, "अहो, तक्रार पेडलचीच आहे, ते पाठवू ना?" उत्तर आलं, "नको मॅडम, फॉर्मवर लिहिलंय ना." मी ऐकलं. त्या एका वाक्यापायी ४१ दिवस गेले.

त्या ४१ दिवसांत पाच कार्यक्रम होते. मैत्रिणीचा ८८ पट्ट्यांचा पियानो कीबोर्ड मागून आणला. जड, हातोडीच्या पट्ट्या, आणि पुढच्या बाजूला बाहेर आलेली कडा. ऑर्गनवर आपण तळहात घासून खालून वरपर्यंत सूर ओढतो, ते या पट्ट्यांवर करून बघा. ऑर्गनच्या पट्ट्यांना पुढे कडा नसते ती याचसाठी. शिवाय चांगल्या ऑर्गनवर पट्टी तळाला टेकायच्या आधीच सूर लागतो, त्यामुळे एकच सूर भराभर वाजवता येतो. दुसऱ्या कार्यक्रमानंतर माझी करंगळीकडची कड सोलवटली होती. रोज सकाळी साइटवर तक्रार क्रमांक टाकायचे, रोज तेच उत्तर: 'तपासणी सुरू.'

आणि मग ती चिठ्ठी.

लगेच फोन केला. म्हणाले, "आमच्या पेडलवर व्यवस्थित चालतोय, मॅडम." मी म्हटलं, "पण माझ्या पेडलवर चालत नाही, तेच तर लिहिलं होतं." "ते पेडल आमचं प्रॉडक्ट नाही." संपलं. फोनवर बोललेल्यांपैकी एकानेही असं म्हटलं नाही की दोन कंपन्यांच्या पेडलांची आतली जोडणी वेगळी असू शकते. हे त्या टेबलावर बसणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं. रोज निदान एक तरी माणूस याच कारणासाठी फोन करत असणार अशी माझी खात्री आहे.

ऑर्गन परत आल्यावर मी एक उपाय केला तो सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. ऑर्गनमधून निघणाऱ्या वायरीवर साधं व्हॉल्यूम पेडल लावलं. आवाज कमी-जास्त झाला, पण सगळी जान गेली. कारण खऱ्या जोडणीत पेडल आधी येतं आणि लेस्लीचा अॅम्प्लिफायर नंतर. लेस्ली १२२ मध्ये ४० वॅटचा व्हॉल्व्हचा अॅम्प असतो. पाय दाबत नेला की त्यावर ताण येतो आणि सूर खरखरीत, तापलेला होत जातो. पाय मागे घेतला की तोच सूर स्वच्छ होतो. पेडल सगळ्यांच्या शेवटी लावलं की खरखर आहे तेवढीच राहते, नुसती लहान ऐकू येते. दोन कार्यक्रम तसे वाजवले आणि दोन्हींत मला स्वतःचं वाजवणं परकं वाटलं.

सुटका झाली ती एका साउंड चेकला. मॉनिटर सांभाळणारे एक दादा माझं पायाशी चाललेलं बघत होते. जवळ आले, वाकून पेडलवरचं नाव वाचलं, मग ऑर्गनवरचं वाचलं. "ताई, दोन कंपन्यांचं आहे हे. टिप-रिंग उलटी असेल." त्यांनी खिशातून मल्टीमीटर काढला. पेडलच्या पिनला तीन भाग असतात: टोकाला टिप, मध्ये रिंग, मागे स्लीव्ह. आतमध्ये असतो साधा व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर. त्याचा सरकणारा मधला पाय काही कंपन्या टिपला जोडतात, काही रिंगला. माझ्या पेडलमध्ये तो एकीकडे होता आणि ऑर्गन दुसरीकडे बघत होता. उलटं जोडलं गेलं की प्रवासाच्या सुरुवातीलाच आकडा उडी मारून वर जातो आणि तिथेच बसतो. माझा बोटभर घोळ तो हाच!

त्यांनी डब्यातून वीतभर वायर घेतली. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट. टिपची तार रिंगला, रिंगची टिपला, स्लीव्ह तशीच. डाग दिले, फुंकर मारली, म्हणाले, "लावा." मी ऑर्गन बंद करून लावली, पुन्हा चालू केला आणि पाय हळूहळू पुढे नेला. आवाज धुक्यातून यावा तसा आला, वाढत गेला, आणि शेवटच्या चतुर्थांशात ती खरखर जागी झाली. मी स्टेजवर एकटीच एक कॉर्ड धरून बसले होते, पाय पुढेमागे करत. डोळ्यांत पाणी आलं ते लपवलं नाही. दहा मिनिटांचं काम आणि वीतभर वायर. खरा राग मला त्या रात्री घरी गेल्यावर आला.

तेव्हा घेताना विचारा: या ऑर्गनला पेडलचा मधला पाय टिपवर लागतो की रिंगवर? विक्रेत्याला माहीत नसेल तर ऑर्गनच्या माहितीपुस्तिकेत चालणाऱ्या पेडलांची नावं असतात, ती बघा. काही ऑर्गनच्या मेनूत पेडलचा प्रकार निवडता येतो, आणि काही पेडलांच्या बुडाला अदलाबदलीचं छोटं बटण असतं. तसं बटण असलेलं मिळालं तर तेच घ्या. सर्वांत बरं म्हणजे आपलं पेडल दुकानात घेऊन जा आणि संथ गाणं वाजवून बघा. जोरकस गाण्यात पाय सगळा वेळ पुढेच असतो, तिथे हे कळत नाही.

लेस्लीचा वेग बदलणारं पायाचं बटणही सोबत तपासा, तिथेही दोन प्रकार आहेत. दाबल्यावर दाबलेलं राहणारं आणि पाय उचलताच सुटणारं. बरीच वाद्यं चालू होताना बटणाची स्थिती वाचतात, म्हणून आधी पेडल आणि बटण जोडायचं, त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, मग वीज चालू करायची. आणि दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच, तर पायाचा आणि ड्रॉबारचा एकत्र व्हिडिओ काढून पाठवा, आणि फॉर्मवर काहीही छापलेलं असो, पेडल सोबत घालाच, पावतीवर त्याची नोंद करून घ्या.

दादांनी केलेली ती वायर अजून माझ्याकडे आहे. तिच्यासारखीच दुसरी मी स्वतः केली, डाग जरा ओबडधोबड आहेत पण पक्के. दोन्हींना पिवळी टेप गुंडाळली आहे. एक पेडलला कायमची लावलेली असते, दुसरी ऑर्गनच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, फ्यूजच्या डबीशेजारी.