दिवसा आमची, अंधारात त्याची

“पोरी, ही वाट दिवसा आमची, अंधार पडला की त्याची.”

आज सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातला चढ सायकलने संपवून पाटोणपाड्याजवळ दम खात असताना, पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या एका वारली मावशींनी मला हे सांगितले. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सायकलने जाण्यासाठी मोबाईलवर आखून ठेवलेली पायवाट मी त्यांना दाखवली होती.

त्यांनी बिबट्याचे नाव घेतले नाही. द्रोण भरणारा हात क्षणभर थांबला आणि आवाज किंचित खाली आला, इतकेच. वाघोबाला देव मानणाऱ्या त्या माणसांच्या बोलण्यात मला भीतीपेक्षा अदब अधिक जाणवली.

येऊरचे जंगल ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या कडेला आपली घरे अगदी टेकलेली. मार्ग आखताना आम्ही सायकलस्वार चढ, अंतर, पाणी, पंक्चरचे सामान या सगळ्यांचा हिशेब मांडतो. पण ती वाट कोणत्या वेळी कोणाची असते, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नाही, याची दिवसभर रुखरुख लागून राहिली आहे.

तो मार्ग मी तिथेच पुसून टाकला. सायकलने माळशेज घाटात जायचा बेत आखणाऱ्या मित्रांनो, वाटेतल्या पाड्यावर थांबून तुम्ही कधी विचारता का?