सेंचाचं पाणी निवताना: माझा अनुभव

पुण्यात घेतलेल्या ग्रीन टीच्या डब्यावर ‘उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं ठेवा’ असं छापलेलं होतं. त्या ओळीचा राग अजून जात नाही. अशा सूचनांपायी आपल्याकडे कितीतरी जणांनी ग्रीन टी म्हणजे कडू काढा, असं ठरवून टाकलंय.

जपानमध्ये नागोयात राहायला आले आणि सेंचा, म्हणजे तिथला रोजचा ग्रीन टी, करायला शिकायचाच, असं ठरवलं. क्यूसू, म्हणजे बाजूला दांडी असलेली छोटी किटली, जवळच्या तोकोनामेत घेतली. पत्ती शिझुओकाची.

अडलं ते पाण्यापाशी. सेंचाला ७० ते ८० अंशांचं पाणी लागतं. सकाळी ट्रेन गाठायची घाई आणि उकळलेलं पाणी काही केल्या निवत नाही! झाकण काढून ठेवा, खिडकीत ठेवा, तरी वाफा चालूच. नुसती चिडचिड व्हायची. शेवटी शेजारच्या आजींनी वाट दाखवली. उकळलेलं पाणी आधी रिकाम्या कपांत ओतायचं, मग दुसऱ्या भांड्यात, मग क्यूसूत. दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. कप गरम होतात, पाणीही आपोआप मोजलं जातं. याच कामाचं युझामाशी नावाचं भांडं मिळतं, पण त्यावाचून अडत नाही.

हा खटाटोप हवाच. तुरट कॅटेचिनं आणि कॅफीन कढत पाण्यात भराभर उतरतात; गोडसर चव देणारं थिअनिन कोमट पाण्यातही उतरतं.

दोन कपांना चार-पाच ग्रॅम पत्ती, एक मिनिट झाकण, ढवळायचं नाही. दोन्ही कपांत आलटून पालटून ओता आणि शेवटचा थेंबही निथळू द्या; तळाशी पाणी राहिलं की पुढचा कप कडवट होतो. दुसऱ्या वेळी पाणी जास्त गरम चालतं, पण लगेच ओतायचं.

वजन उतरवण्याच्या दाव्यांवर माझा भरवसा नाही. बाकी फायद्यांचं म्हणाल, तर जपानच्याच मियागी प्रांतातल्या ४०,५३० जणांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. जास्त ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले तेही चहामुळेच, असं सिद्ध होत नाही.

जेवणाबरोबर मात्र पिऊ नका, भाजी-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं. आई शाकाहारी, त्यात हिमोग्लोबिन कमी. तिला मी तासाभराने देते. रात्री होजिचा, म्हणजे भाजलेल्या पत्तीचा चहा, त्यात कॅफीन कमी.

आणि हो, फ्रिजमधली पुडी लगेच फोडू नका. आधी बाहेर ठेवा, नाहीतर पत्तीला दमटपणा धरतो.