किती दिवसांपासून?

मार्चमधली नाइट ड्युटी. दोन वाजून दहा मिनिटांनी एक बाप नऊ वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात धावत आला. पोराचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, उजवा हात आणि पाय झटके देत होते. किती वेळ झाला विचारलं तर म्हणाला, "उमरेडवरून निंगालो तवापासून." म्हणजे तास होत आला होता. पोराच्या मुठीत चाबी कोंबलेली होती आणि समोरचा अर्धा दात तुटलेला, कारण कोणीतरी तोंडात चमचा घातला होता. फिट आली की चाबी, कांदा, चप्पल, चमचा यातलं काही करू नका, पोराला फक्त कुशीवर वळवा, हे मी नर्स म्हणून एकवीस वर्षं सांगते आहे. तरी चाबी येतेच.

कूस, ऑक्सिजन, रक्तातल्या साखरेची तपासणी, सलाइनची सुई. झटके थांबवणारं लोराझेपाम फ्रिजमधून काढून दिलं, पाच मिनिटांनी पुन्हा दिलं. झटके थांबेनात. मग झटक्यांचंच दुसरं औषध, फेनिटोइन. ते नॉर्मल सलाइनमध्येच घालावं लागतं, डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाइनमध्ये, पडलं की स्फटिक धरतात. २४ किलोच्या पोराला ४८० मिलिग्रॅम, म्हणजे पाच अँप्यूल फोडायच्या, आणि वीस मिनिटांच्या आत सोडायचं नाही, नाहीतर हृदयाचे ठोके बिघडतात. आमचा सिरिंज पंप दोन महिन्यांपासून दुरुस्तीला गेलेला. एक डोळा मॉनिटरवर, एक घड्याळावर ठेवून मी थेंब मोजत उभी राहिले. हे काम मला चांगलं येतं आणि त्याचा मला अभिमान आहे. अडीच वाजून गेल्यावर पोराची बोटं सैल पडली.

मग निवासी डॉक्टरांनी बापाला विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? तो खाली बघत म्हणाला, सोमवारपासून बंद केल्या. व्हॅल्प्रोएट, म्हणजे त्याची फिटची गोळी, असं एकदम तोडलं की नेमकं हेच होतं. डॉक्टर त्याच्यावर ओरडले, सगळा वॉर्ड जागा झाला. छत्तीस तासांचा जागा माणूस होता, आणि औषधाच्या बाबतीत डॉक्टरांचं चुकलंही नव्हतं. पण ते ओरडणं चुकलं, हे मी नंतर त्यांना सांगितलं.

चारच्या सुमारास बाप माझ्या टेबलाजवळ आला. माझ्या गळ्यातला क्रूस त्याने पाहिला होता. तोही ख्रिस्ती, तीन-चार वर्षांपूर्वी झालेला. म्हणाला, "सिस्टर, प्रार्थनेले येतात त्यायनं सांगतलं, गोळी देली म्हणजे देवावर विश्वास नाई. म्या बंद केल्या. आता मले सांगा, माहा विश्वास कमी पडला का जास्त झाला?"

मला उत्तर देता आलं नाही. हेच वाक्य मी माझ्या आईच्या मातीनंतर ऐकलं होतं. भेटायला आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल बघ. त्यानंतर अकरा वर्षं मी दर रविवारी चर्चला जात राहिले, मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणायला सगळ्यांबरोबर उभी राहायची आणि "मी विश्वास ठेवते" या शब्दांपाशी गप्प व्हायची. आम्हा नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत नारायण वामन टिळकांची गोष्ट लहानपणापासून ऐकवतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि पुढे वाचून, भांडून, स्वतःशी झगडून त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मला तर तो पाळण्यातच मिळाला. भांडायची वेळ माझ्यावर आईनंतर आली, आणि मी भांडलेही नाही, नुसती गप्प बसले.

ड्युटीवर धर्माचं बोलायचं नाही हा माझा नियम. तो मी त्या रात्री मोडला. त्याला म्हटलं, "भाऊ, मार्काचा नववा अध्याय वाचला का?"

मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या गोष्टीतलं पोरगं असंच आहे. पडतं, तोंडाला फेस येतो, दात खातं, ताठ होतं. हीच गोष्ट मत्तय आणि लूकही सांगतात. मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानात त्याला सरळ फेफरेकरी म्हटलंय. आणि येशू बापाला पहिल्यांदा काय विचारतो? याला असं किती दिवसांपासून होतं? म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांनी मी विचारला त्याच जातीचा प्रश्न. लूक तर वैद्य होता, पौलाने कलस्सैकरांना तसं लिहिलंय, पण हा प्रश्न लूकाने लिहिलेला नाही, मत्तयानेही नाही. एकट्या मार्काने लिहिलाय. बाप म्हणतो, लहानपणापासून. आणि मग ओरडतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास तुम्हीच घालवा. हे ओरडणंही मार्कातच.

सांगता सांगता माझाच आवाज अडखळला. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या बापाला कोणी परत पाठवलं नाही, आधी पुरता विश्वास घेऊन ये असं सांगितलं नाही, हे मला त्या टेबलाशी उभं राहून पहिल्यांदा दिसलं. अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास, दोन्ही तो घेऊन आला होता. मुलगा बरा झाला.

"मंग हाकललं नाई त्याले?" बापाने विचारलं.

"नाही हाकललं."

तो बराच वेळ पोराच्या पायावर हात ठेवून बसला. प्रार्थना करा म्हणाला नाही, मीही केली नाही. सुटी होताना मी कागदावर सकाळी आठ, रात्री आठ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि रिकाम्या पट्ट्या फेकू नका, परत आणा म्हणून सांगितलं.

मी नियम मोडला ते बरोबर झालं का, हे अजून मला ठरवता येत नाही. सरकारी गणवेशात उभी राहून मी पवित्र शास्त्र सांगितलं. पण गोळ्या विश्वासानेच बंद पाडल्या होत्या, तिथे नुसतं फेनिटोइन समजावून काय उपयोग झाला असता?

पंधरा दिवसांनी ते दोघं ओपीडीत आले. पोरगं हसलं तर तुटका दात दिसला. बापाने पिशवीतून तीन पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. तिसाव्या खणात गोळी तशीच होती.

"एक राह्यली, सिस्टर. शनिवारची, रातची."

"राहू द्या," मी म्हटलं, "आज रात्रीची चुकवू नका."