मशीन नव्हतं तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "डॉक्टर, पूर्वी ना इसीजी, ना सोनोग्राफी, मग आजार कळायचा तरी कसा?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. तोही बहुधा तपासण्यांची चिठ्ठी हातात पडल्यावरच, त्यामुळे त्यातला टोमणा मला बरोबर पोचतो.

कळायचा हो. पुष्कळदा आमच्यापेक्षा लवकर कळायचा. घोडं अडायचं ते उपचारापाशी.

मनगटावरची नाडी एका बोटाने दाबून थांबवायची आणि तीच नळी दुसऱ्या बोटाखाली हाडावर घोळवायची. तरण्या माणसात बोटाला काही लागत नाही. कडक झालेली धमनी मात्र सुतळीसारखी सरकते, कधी माळेसारखी मणीदार लागते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये १८७० च्या दशकात फ्रेडरिक अकबर महोमेद नावाचा तरुण डॉक्टर याच्याही पुढे गेला. (अकबर हे वाचनदोषाने आलेलं नाही. आजोबा पाटण्याचे, ब्रायटनला जाऊन साहेबलोकांची चंपी करणारे.) तो मनगटावर यंत्र बांधून काजळी धरलेल्या कागदावर नाडीची लाट उमटवायचा. मूत्रपिंडं धड असलेल्या माणसाचाही रक्तदाब चढलेला असू शकतो, हे त्याने त्या रेघांवरून ताडलं. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची इटलीच्या डॉक्टर रिव्हा-रोचीची युक्ती आली १८९६ साली. तोवर महोमेद टायफॉइडने गेलाही होता, ३५ व्या वर्षी.

पण माझा आवडता माणूस त्याच्या दोनशे वर्षं आधीचा. टॉमस सिडनहॅम, इंग्लंडमधला डॉक्टर. दहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या मुलामुलींना होणाऱ्या एका आजाराचं वर्णन त्याने १६८६ मध्ये केलं. आधी एक पाय फरफटतो, मग हात क्षणभर एका जागी राहत नाही. पेला तोंडाशी नेताना हात असा भरकटतो की पोर डोंबाऱ्यासारखे हावभाव करतंय असं वाटावं, आणि एकदाचा ओठाला लागला की घटकन रिकामा. हातपाय आपोआप नाचवणाऱ्या या आजाराला कोरिया म्हणतात, आणि त्याचं याहून चांगलं वर्णन मी आजही कुठे वाचलेलं नाही.

आणि उपचार काय? रक्त काढा, जुलाब द्या. पुढे एकोणिसाव्या शतकात सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं, द्रावण आलं. त्याच गाइजमध्ये पोरांच्या पाठीच्या कण्यावरून विजेच्या ठिणग्याही काढल्या. प्रत्येकाने 'गुण आला' असंच लिहून ठेवलं, कारण हा आजार काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत, बहुधा आपला आपण ओसरतो. मूळ असतं घशात, स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गात. पण हात नाचायला लागेपर्यंत घसा बरा होऊन कितीतरी आठवडे, महिने उलटलेले असतात. दोन्हींची सांगड घालणार कोण?

मागे एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. तक्रार शाळेची: अक्षर बिघडलंय, वर्गात चाळे करते, तोंडं वेंगाडते. दोनदा उठाबशाही झाल्या होत्या. मी तिला माझं बोट घट्ट धरायला सांगितलं. तिची मूठ आवळत-सुटत राहिली, गाईचं दूध काढावं तशी. मग पाण्याचा पेला दिला. निम्मं पाणी फ्रॉकवर, उरलेलं एका घोटात पोटात, आणि वर आम्हा दोघांकडे बघून हसली.

मी एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी लिहिली. आई म्हणाली, "पेल्यावरनं कळलं म्हणता, मग आता मशीन कशाला?"

कारण घशातल्या त्याच संसर्गामुळे पुढे हृदयाच्या झडपाही बिघडू शकतात, आणि स्टेथोस्कोपने मला काही ऐकू आलं नव्हतं. एकोत हृदयाची एक झडप थोडी गळताना दिसली. पोरीचे हात तीन महिन्यांत थांबले, अक्षरही सुधारलं. घशाचा तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन मात्र दर २१ दिवसांनी चालू आहे, अजून कैक वर्षं चालेल. ते भयंकर दुखतं, त्यामुळे दवाखान्यात आली की ती माझ्याशी बोलत नाही.