आजीची धून

कोंगथोंगला निघताना माझ्या पिशवीत एक बालकथा जवळजवळ पुरी झालेली होती. शिलाँगपासून ५०-६० किलोमीटरवर, पूर्व खासी टेकड्यांमधलं हे गाव. इथे प्रत्येक मुलाला नावाशिवाय एक धून मिळते. आईने रचलेली, बिनशब्दांची. तिला म्हणतात ‘जिंगरवाय इयावबेई’, म्हणजे कुळाच्या मूळ आईचं गाणं. खासींमध्ये कुळ आईकडून चालतं. पुण्यात बसून हे सगळं वाचलं आणि मी गोष्ट बेतली: आजी वारते आणि तिची धून नव्या नातीला मिळते. त्या शेवटावर माझा फार जीव होता.

फेब्रुवारी होता, झाडूचं गवत कापायचे दिवस. ज्या घरी उतरले त्यांच्या अंगणात तुरे वाळत पडलेले. घरच्या आजींनी आधी क्वाय पुढे केलं: सुपारी, पान, चुना. चावलं आणि दोन मिनिटांत माझे कान तापले, कपाळाला घाम फुटला. आजींनी हसून दाराबाहेर तोंड करून तीन-चार सुरांची हाक दिली. वरच्या अंगणातून एक मुलगी धावत आली ती थेट पाण्याचा तांब्या घेऊन. ही तिची छोटी धून, घरातली. रानात किंवा दरीपलीकडे हाक मारायची तर लांबलचक धून असते. रानातल्या भुताखेतांना नाव कळू नये म्हणून, असं इथली माणसं सांगतात.

संध्याकाळी सात-आठ मुलं जमली. मी हिंदीतून गोष्ट सांगत होते, गावातले एक शिक्षक खासीत सांगत होते. आजी वारली, बाळ जन्मलं, त्याला आजीची धून मिळाली. मुलं गप्प. मग मघाच्याच मुलीने काहीतरी विचारलं. शिक्षक जरा घुटमळले.

“कोंग, ती विचारतेय, आजीची धून बाळाला कशी देणार? ती तर आजीची आहे.”

कोंग म्हणजे ताई. आजींनी मान हलवली. माणूस गेलं की त्याची धून पुन्हा कुणाला देत नाहीत. ती त्याच्याबरोबर जाते.

मला लख्ख दिसलं, हा शेवट कुठून आला ते. आमच्या घरी आजीचं नाव नातीला ठेवतात. माझंच नाव पणजीचं. ती आमची माया मी उचलून यांच्या घरात नेऊन ठेवली होती. ‘मुलांची गोष्ट आहे, थोडं इकडेतिकडे चालतं,’ असं मी आजवर खूपदा ऐकलंय. नाही चालत. साताऱ्यातली एखादी मुलगी कोंगथोंगबद्दल कदाचित एवढंच वाचेल आणि तेच खरं धरून मोठी होईल.

शेजारची एक तरुण आई पाठीशी बाळ बांधून उभी होती. तिला विचारलं, याची धून झाली? ती लाजली, खांद्यावरून मान वळवून हलकेच गुणगुणली. झोपेतल्या बाळाने तोंड हलवलं.

रात्री मी शेवटची चार पानं फाडली. नवी गोष्ट आईपासून सुरू केली. आठ दिवसांची बाळंतीण चुलीपाशी बसलीय, पहिले दोन सूर जुळलेत, तिसरा काही केल्या बसत नाहीये.