तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला कळतंय काय?

"मॅडम, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंय, तुम्हीच सांगा. ह्या चॅटजीपीटीला खरंच कळतंय काय हो?" बँकेच्या रांगेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, विश्रामबागेत भाजी घेताना विचारतात. वर पुन्हा, "हो का नाही, तेवढंच सांगा." मी दुसरं वाक्य सुरू केलं की विचारणाऱ्याचं लक्ष कोथिंबिरीच्या भावाकडे जातं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी 'नाही' म्हणते. निदान तोंडावर तरी. वर्गात मी तत्त्वज्ञ जॉन सर्ल शिकवला. 1980 सालच्या निबंधातली त्याची ती खोली: आत चिनी न येणारा माणूस, हाताशी नियमांचं पुस्तक. बाहेरून चिनी चिठ्ठ्या येतात, हा आकार बघून नियमाप्रमाणे दुसरे आकार बाहेर सारतो. बाहेरच्यांची खात्री पटते की आत चिनी जाणणारा बसलाय. आतल्याला एक अक्षर समजलेलं नसतं. संगणक म्हणजे हा खोलीतला गडी, बाकी काही नाही. वादळाची नक्कल संगणकावर चालवली म्हणून कुणी भिजत नाही, असंही सर्ल सांगतो. मी वादळाच्या जागी पूर घ्यायची. आमच्या सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी किती फुटांवर जाईल ते संगणक बिनचूक सांगेल, पण त्यानं गावभागातली एक सतरंजी ओली होणार नाही. 2019चा पूर बघितलेल्या मुलांना हे फोडून सांगावं लागत नसे.

एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, संगणकानं बेरीज केली तर ती नक्कल नसते, बेरीजच असते. मग विचार हा पाण्यासारखा आहे का बेरजेसारखा?" सर्लच्या विरोधकांचा हा नेमका आक्षेप, आणि तो तिनं न वाचता काढला होता. मी उत्तर दिलं की पडद्यावरच्या रेघांना 'आठ' म्हणणारे आपण, यंत्राला त्याचं काय. अजूनही मला ते पटतं. बहुतेक वेळा.

आता जे पंगतीत सांगत नाही ते सांगते.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांना मिरजेला अतिदक्षता विभागात ठेवलं. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हिशोबाची पट्टी कागदावर उतरायच्या आत त्यांच्या डोक्यात तयार असायची. सिस्टर सकाळी यायच्या, मोठ्यानं म्हणायच्या, "आजोबा, डोळे उघडा! हात दाबा माझा!" मग पेन आडवं धरून नखावर दाब द्यायच्या. अण्णांचा दुसरा हात हळूहळू त्या पेनाकडे सरकायचा. सिस्टर तक्त्यावर लिहायच्या: डोळे दोन, हालचाल पाच. घशात नळी होती, त्यामुळे बोलण्याचे गुण देता येत नव्हते. ही ग्लासगो कोमा स्केल, माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची, 1974 सालची. त्याच वर्षी तत्त्वज्ञ थॉमस नेगलनं तो निबंध लिहिला, की वटवाघळाचा मेंदू कितीही तपासा, वटवाघूळ असणं आतून कसं असतं ते हाती लागत नाही. दोन्ही गोष्टी मी कितीदा तरी वाचलेल्या, पण एकत्र कधी मनात आल्या नव्हत्या. तक्ता बघितल्यावर आल्या.

पुढे पेनाकडे येणारा हातही यायचा थांबला. धाकटा भाऊ खाटेशी उभा राहून घराच्या वाटणीचं बोलू लागला. वाईट हेतूनं नाही. कागद करायचे राहिले होते आणि त्याला पुण्याला परतायचं होतं. मी म्हटलं, बाहेर चल, इथं नको. तो म्हणाला, "ताई, त्यांना काही कळत नाहीये." मी त्याला मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेनचा 2006 सालचा प्रयोग ऐकवला: अपघातानंतर कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. स्कॅनरमध्ये तिच्या मेंदूचे तेच भाग जागे झाले जे धडधाकट माणसाचे होतात. माझा आवाज चढला होता, सिस्टर वळून बघत होत्या.

भावानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे जे यंत्र घडाघडा बोलतं त्याला कळत नाही, आणि जे अण्णा बोटसुद्धा हलवत नाहीत त्यांना कळतं. दोन्हीकडे तूच ठरवणार?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. अण्णा गेले, कागद झाले, आमचं बोलणं सुरू आहे. पण तेवढा प्रश्न राहिला.

उत्तर माझ्याकडे नाही असं नाही. अण्णा आणि मी एका मातीचे. माझ्या मेंदूतून जाणीव उपजते, तर तसल्याच मेंदूतून त्यांचीही उपजत असणार. सर्लही मनाचा उगम मेंदूच्या जैविक घडणीतच मानतो. मी पक्षपात करत नाही, साधर्म्यावरून अनुमान करते. वर्गातली मी इथं फळा पुसून निघून गेली असती.

पण तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स जाऊ देत नाही. तो म्हणतो, मेंदूतली एकेक पेशी काढून तिथं तंतोतंत तेच काम करणारी चिप बसवत चला. माणूस पूर्वीसारखाच बोलतोय, हसतोय. मग जाणीव नेमकी कितव्या चिपेला गेली? 'शेवटच्या' म्हणणं हास्यास्पद, 'हळूहळू विझली' म्हटलं तर तो माणूस स्वतःच्या विझण्याबद्दल अवाक्षरही का काढत नाही? वाचलं तेव्हा मला ही बौद्धिक चैन वाटली होती. मिरजेनंतर ती चैन राहिली नाही, कारण मातीवरचा माझा सगळा भरवसा तिथंच अडकलाय. मी अजून मातीच्याच बाजूची आहे. ते सिद्ध करता येतं असं मात्र म्हणत नाही.

हाच चाल्मर्स 2023 साली त्या वेळच्या, चॅटजीपीटीसारख्या भाषा-यंत्रांना जाणीव असण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी धरत होता. 'शून्य' म्हणत नव्हता. त्याच्याशी मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉखनं 1998 साली पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये कॉखनं भर सभेत हार मानली आणि वाइन दिली. जिवंत माणसाच्या मेंदूबद्दलची ही स्थिती, आणि यंत्राचा निकाल मी भाजीच्या गाडीशी, एका शब्दात द्यायचा!

तरी विचाराल, हे माहीत आहे. मी 'नाही' म्हणेन. तेवढ्यावर थांबणार असाल तर थांबा. 'कशावरून' विचाराल तर घरी या, भावालाही बोलावते. तो अजून माझ्या विरुद्धच बोलतो.